काळं वाटीचं

"आज लई निघालं बगा. शाई सांडल्यावानी."

ओसरीवरच्या बाकावर बसलेली एक बाई शेजारणीला सांगत होती. दोघींच्याही डोक्यावर केस नव्हते. एकीने पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला होता, दुसरीने भर उन्हाळ्यात लोकरीची कानटोपी घातली होती. कानटोपीवाली म्हणाली, "माझं कमी झालंय आता. मागच्या डावाला नुसतं करडं आलं. म्हंजे संपत आलं आसंल, न्हाई?"

"संपलंच म्हणा की."

आतून एक खरखरीत आवाज आला. "काळं वाटीचं हाय! किती डाव सांगू तुमाला? वाटीचं हाय, तुमचं न्हाई!"

पदरवाली माझ्या आईकडे झुकून हळूच म्हणाली, "मोठी माणसं आसंच म्हणतेत. मोठेपणा घेत न्हाईत."

"पर निघतं काय?" आईने विचारलं.

"उष्णता."

आईने माझ्याकडे बघितलं. आपण बरोबर पत्त्यावर आलो, असं तिच्या तोंडावर होतं. मी खाली बघितलं. 'उष्णता' हा आमच्या घरातला शब्द होता, पप्पांनी शोधून काढलेला.

आईला कॅन्सर होता. अंडाशयातून सुरू होऊन पोटात पसरलेला. नांदेडच्या डॉक्टरांनी हे पप्पांना आणि मला सांगितलं तेव्हा आई बाहेर पाण्याच्या टाकीजवळ चूळ भरत होती. जिना उतरता उतरता पप्पा म्हणाले, "तिला सांगायचं न्हाई. धसक्यानंच जाईल ती." आणि खाली येऊन आईला म्हणाले, "अंगात उष्णता वाढलीय. काही सलाईन लावायच्या हायेत." हिंगोलीत पप्पांचं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बिघाड गिऱ्हाइकाला झेपेल अशा शब्दांत सांगायची त्यांना सवय आहे. तेव्हापासून किमोला आमच्या घरात सलाईन म्हणायचे. आईचे केस गेले तेव्हा सलाईन गरम पडली म्हणाले. पुढे सलाईनमुळे तिच्या तळपायांची आग व्हायला लागली, तेव्हा पप्पांना काही म्हणावंच लागलं नाही. आईच म्हणाली, "बघ, उष्णता पायात उतरून राहिली."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. रिपोर्ट घरात मलाच समजायचे. मी वाचायचे आणि त्यातलं पप्पांना चालेल तेवढंच मराठीत आणायचे. एरवीही मी फार बोलत नाही. पाहुण्यांसमोर बोलत नाही म्हणून लहानपणापासून बोलणी खाल्लेली. त्या दिवसांत मात्र घरात माझ्या गप्प राहण्याचं कौतुक होतं.

पायांच्या आगीसाठीच आम्ही आखाडा बाळापूरला उतरलो होतो. नांदेडहून हिंगोलीला येताना ते वाटेवरच आहे. एका कृषी केंद्राच्या मागे दोन खोल्या आणि पत्र्याची ओसरी, तिथे त्या खरखरीत आवाजाच्या बाई बसायच्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या आयुर्वेदाच्या डॉक्टर. भिंतीवर नावाची पाटी होती, पण कृषी केंद्रवाल्याने तिच्यावरच तणनाशकाची जाहिरात टांगली होती आणि लोक त्यांना वाटीवाली डॉक्टरीणबाई म्हणूनच ओळखायचे. मी पहिल्यांदा 'मॅडम' म्हणाले. त्या म्हणाल्या, "मॅडम बँकेत असतेत. बाई म्हण."

बाई उंच होत्या, हाडापेराने दणकट, साठीच्या पुढच्या. साडीवर पुरुषाचा खिशाचा शर्ट घालायच्या. खिशात भाजलेले शेंगदाणे असायचे आणि बोलता बोलता त्या एकेक दाणा तोंडात टाकायच्या. पेशंटच्या तोंडात फोड असतील तर मात्र खिशावर हात ठेवून बसायच्या. त्यांच्या बोटांची टोकं कायम काळी असायची. काशाच्या वाटीने रोज इतक्यांचे पाय घासल्यावर दुसरं काय होणार.

काशाच्या वाटीने पाय घासणं आपल्याकडे कुणाला नवं नाही. तळव्याला तूप लावायचं, वाटी उलटी धरून गोल गोल फिरवायची. पाय थंड पडतात, झोप लागते. घासता घासता तूप काळं होतं. ते काळं म्हणजे अंगातली उष्णता, असं आपण ऐकत आलो. बाई सांगायच्या, धातूवर तूप घासलं की ते काळं पडणारच. आल्या माणसाला सांगायच्या. कुणाला पटलेलं मी पाहिलं नाही.

पेशंट आला की बाई स्वतः खाली पोत्यावर बसायच्या, त्याला खुर्चीवर बसवायच्या आणि त्याचे पाय मांडीवर घ्यायच्या. आधी पाय, मग नाव. तांड्यावरच्या एका म्हातारीने माझ्यासमोर पाय झटकन मागे ओढले होते. "न्हाई बाई, डॉक्टर तुमी. पाप लागंल मला."

"लागू दे. पाप माझ्याकडं टाक, पाय इकडं टाक."

म्हातारी हसली आणि हसता हसताच रडायला लागली. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या तळव्यावर कापसाचा बोळा फिरवत होत्या. "कळतंय? इथं? आन् इथं?" मग म्हणाल्या, "अंगठ्याला कळून न्हाई राहिलं हिला. चुलीपुढं अनवाणी बसू नको, भाजलं तरी समजायचं न्हाई." किमोने बधिर झालेल्या पायांना लोक गरम पाण्याने शेकतात आणि फोड आणतात, ही त्यांची नेहमीची तक्रार. तेवढ्यासाठी एक भाजलेला पाय मांडीवर घेऊन त्यांनी कुणाच्या तरी नवऱ्याला असं झापलं होतं की कृषी केंद्रातली गिऱ्हाइकं मागे बघायला आली.

कृषी केंद्राशी त्यांचं रोजचं भांडण. फवारणीच्या औषधांचा वास भिंतीतून ओसरीत यायचा आणि किमो घेतलेल्या माणसांना उमळून यायचं. "मळमळ मी थांबवते, ह्यो सुरू करतो," बाई ओरडायच्या. पलीकडून तो म्हणायचा, "भाडं कमी देता का मग, बाई?"

बाईंची औषधं थोडीच होती. तोंड आलं असेल तर ज्येष्ठमधाच्या गार काढ्याच्या चुळा आणि वरून तुपाचं बोट. उलट्यांना साळीच्या लाह्यांचं पाणी, घोट घोट. आणि भ्रामरी. दुपारी ओसरीवरच्या सगळ्यांना डोळे मिटून बसवायच्या आणि 'म्' करत श्वास सोडायला लावायच्या. वीस-पंचवीस आजारी माणसांचा तो गुणगुणाट रस्त्यापर्यंत जायचा. बाळापूरचे लोक म्हणायचे, मोहोळ उठलं. आईला ते आवडायचं. मला आधी लाज वाटली. नंतर मीही डोळे मिटायला लागले, कारण तेवढा वेळ आईच्या तोंडाकडे बघावं लागत नसे.

काहीही पोटात द्यायचं असलं की बाई नांदेडच्या डॉक्टरांना फोन लावायच्या, तोही स्पीकरवर. "साहेब, अमकं चालंल का?" पलीकडून डॉक्टर वैतागायचे, चालणार नाही म्हणायचे, काही वेळा सगळ्यांच्या देखत वाट्टेल ते बोलायचे. बाई "व्हय साहेब, बराबर साहेब" करायच्या, फोन ठेवायच्या आणि पेशंटला म्हणायच्या, "न्हाई द्यायचं. शिकलेला माणूस हाय. जेवला न्हाई वाटतं आज, तेवढंच." आमच्या भागात हळद पिकते, त्यामुळे सगळ्यांचं पहिलं औषध हळद. माझी मावशी आईला चमचा चमचा कच्ची हळद चारत होती, वर म्हणत होती, "हळदीच्या गावात राहून बिमार काहून पडावं माणसानं?" आईच्या तोंडातले फोड त्याने पेटले होते. बाईंनी मावशीला विचारलं, "वरणात घालता का?"

"घालते की."

"मग तितकीच ऱ्हाऊ द्या."

पण नांदेड सोडलेल्या माणसाला त्या दारात उभं करत नसत. कनेरगाव नाक्याजवळ ढाबा असलेला एक माणूस आला होता. आडदांड, आता खंगलेला. म्हणाला, "बाई, नांदेडचं बंद केलं. आता तुमचंच औषध. तुमच्या हाताला गुण हाय म्हणतेत."

बाई पोत्यावरून उठल्या. "जेवायला बसल्यावर ताटात लोणचं असतं की न्हाई?"

"असतं."

"नुसत्या लोणच्यावर किती दिस जगशील? मी तोंडी लावायला हाय रे. जेवण नांदेडला." एवढं बोलून त्या त्याचं बखोट धरून रस्त्यावर गेल्या, नांदेडकडे जाणाऱ्या एसटीसमोर हात पसरून उभ्या राहिल्या, त्याला आत चढवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसून गेल्या. ओसरीवरची माणसं संध्याकाळपर्यंत बसून राहिली. तो माणूस पुढे काही महिने होता. दर खेपेला नांदेडहून येताना बाईंना शिव्या घालायला म्हणून उतरायचा आणि पाय घासून घेऊन जायचा. नंतर उतरेनासा झाला. बाईंनी विचारलं नाही. तिथे कुणी उतरेनासं झालं की कुणीच विचारत नसे.

'बरं होईल' हे शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकले नाहीत. "बाई, बरी होईन ना मी?" असं विचारलं की त्या म्हणायच्या, "आज झोप लागंल." फार खनपटीला बसलं तर, "उद्या अर्धी भाकर जाईल. त्याच्या फुडचं मला इचारू नका." पहिल्याच दिवशी त्यांनी पप्पांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "हिला माहीत हाय का?"

"व्हय, व्हय," पप्पा म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तुपाच्या बरणीकडे. मग त्या पप्पांना म्हणाल्या, "मी आपणहून कुणाला सांगत न्हाई. ते घरच्याचं काम. पर मला इचारलं तर मी खोटं बी बोलत न्हाई. ध्यानात ठिवा." तेव्हापासून पप्पा आईला एकटीला आत सोडत नसत.

भेटायला येणाऱ्यांचाही एक नियम होता. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येतात ते बिस्किटांचा पुडा आणि कुणाच्या तरी मरणाची हकिगत घेऊन. बाई म्हणायच्या, "तोंड मिटा, वाटी धरा." जो येईल त्याने पेशंटचे पाय घासायचे आणि घासताना बोलायचं नाही. आईने हा नियम घरी आणला. हिंगोलीच्या बाजारातून काशाची वाटी आणली. मावशी "आमच्या शेजारणीलाबी आसंच..." असं सुरू करायची, की आई पाय पुढे करून म्हणायची, "वाटी धर." ज्या बहिणीने आयुष्यात आईला पाणी नेऊन दिलं नव्हतं, ती तासभर खाली मान घालून तिचे पाय घासायची. आई डोळे मिटून पडायची आणि मधूनच विचारायची, "काळं आलं का?"

"लई."

ते काळं बाईंना छळायचं. आपल्या नावाचा सगळा बोलबाला ज्यावर उभा आहे, ते खोटं आहे हे त्यांना माहीत होतं. एकदा त्यांनी काशाच्या वाट्या पेटीत टाकल्या आणि स्टीलच्या काढल्या. तेच तूप, तोच हात. तळवे गुळगुळीत व्हायचे, पण तूप पांढरं ते पांढरंच. ओसरीवर सुतक पडल्यासारखं झालं. ती कानटोपीवाली बाई हमसून रडली. "माझं निघायचं बंद झालं, बाई. आत कोंडलं सगळं." तिला झोप लागेना, घास उतरेना. आठवडाभर बाईंनी दम धरला. मग चिडून पेटी उघडली आणि काशाची वाटी तिच्या पायावर अशी आदळली, की ती घाबरली. तूप काळं झालं. कानटोपीवाली खुर्चीतच झोपली.

त्या संध्याकाळी आमची बस चुकली होती. आई आतल्या खाटेवर पडली होती. बाई मोरीत बसून चिंचेच्या कोळाने वाट्या घासत होत्या. मी पाणी ओतत होते. वाट्या सोन्यासारख्या निघत होत्या. बाई म्हणाल्या, "चमकतेत मेल्या." मग बऱ्याच वेळाने, "लोकं म्हणतेत बाईच्या हाताला गुण हाय. ह्या हाताखालून गेलेले कुणी मोजले असते तर म्हणले नसते." मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी पाणी ओतलं. त्यांना ते चाललं असावं, कारण त्यांनी वाटी माझ्याकडे दिली आणि दुसरी घेतली.

आपल्या माणसांबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. शर्ट कुणाचा होता ते मी विचारलं नाही. कॉलर उलटवून शिवलेला होता, एवढं मात्र मी बघितलं होतं.

आई पुढच्या उन्हाळ्यात गेली. नांदेडचं सगळं करून झालं होतं, बाळापूरचंही. शेवटच्या दिवसांत बाई एसटीने आमच्याकडे हिंगोलीला आल्या, चपला दारात काढून थेट आईच्या पायांशी बसल्या. आईचे पाय तोवर पूर्ण बधिर झाले होते. बाईंनी तूप लावलं, वाटी फिरवायला लागल्या. आईला कळत नव्हतं. तिने डोळे उघडून बाईंना ओळखलं आणि विचारलं, "काळं निघून राहिलं का, बाई?"

बाई काय म्हणणार ते मला पाठ होतं.

"निघून राहिलंय," बाई म्हणाल्या. "लई निघून राहिलंय."

आई किंचित हसली. "खोटं बोलता येत न्हाई तुमाला," ती म्हणाली. बाईंनी मान वर केली नाही. वाटी चालू ठेवली. आई झोपली तरी चालू ठेवली. संध्याकाळी पप्पांनी त्यांना स्टँडवर सोडलं. घरी आल्यावर पप्पा म्हणाले, की खिशातले सगळे शेंगदाणे त्यांनी डेपोतल्या शेळीला घातले.

त्यानंतर मी बाळापूरला एकदाच उतरले. दोन्ही खोल्यांत बियाण्यांच्या बॅगा होत्या. कृषी केंद्रवाला म्हणाला, बाई गेल्या, वाशीमकडे कुणी भाचा आहे त्याच्याकडे बहुतेक. बहुतेक. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून भांडणाऱ्यालाही त्याहून जास्त माहीत नव्हतं. ओसरीवरचं बाक तेवढं होतं. तिथे एक बाई डोक्याला रुमाल बांधून बसली होती, नवऱ्याबरोबर. कुणीतरी पत्ता दिला असणार. मी त्यांना सांगितलं नाही की इथे आता कुणी नसतं. कृषी केंद्रवाल्याने सांगितलं. ती दोघं तरीही थोडा वेळ बसून राहिली.

आमच्या घरी ती काशाची वाटी आहे. पप्पा कधी कधी सकाळी दुकानात जायच्या आधी स्वतःचेच पाय घासतात. मग वर्तमानपत्राच्या तुकड्याने तळवा पुसतात आणि तो तुकडा उघडून बघतात. मी स्वयंपाकघरातून बघते.

बाईंबद्दल लिहायचं तर खरं म्हणजे एका दुपारबद्दल लिहायला हवं होतं. ती मी शेवटी ठेवली.

पुढच्या सलाईनची तारीख आली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, की आत्ता खंड पडला तर नंतर हाताशी काही उरणार नाही. आणि आई म्हणाली, "मी येत न्हाई."

"येत न्हाई म्हंजे?" पप्पा म्हणाले.

"पाय बगितले का माझे? रोज किती काळं निघून राहिलंय. आपणहून निघून राहिलं तर टोचून कशाला घ्यायचं? उलट्या काढायच्या, तोंड सोलून घ्यायचं. किती तकलीफ होते मला, तुमाला काय ठाव?"

पप्पांचाच शब्द त्यांना आडवा आला होता. उष्णतेसाठी सलाईन, आणि उष्णता तर पायातून चालली होती. ते ओरडले, रागावले, मावशीकडून फोन करवला. आईने भिंतीकडे तोंड केलं. शेवटी पप्पा म्हणाले, "बरं, नांदेडला नको. बाईकडं तर येशील?" बाईंकडे यायला ती लगेच उठली.

बाळापूरला पोचल्यावर पप्पांनी बाईंना ओसरीच्या कडेला गाठलं. मी जवळच होते. "तुमचं ऐकंल ती. उष्णता अजून आत हाय म्हणा. सलाईन लागंलच म्हणा."

"मी खोटं बोलत न्हाई म्हणलं होतं ना तुमाला?"

"खोटं कुठं बाई, जरासं..."

"तूप किती बी न्या. खोटं माझ्याकडं मिळत न्हाई."

आत आई खुर्चीवर बसली आणि आपण होऊन पाय पुढे केला, परीक्षेत पहिला नंबर आलेल्या पोरीच्या ऐटीत. बाईंनी तो मांडीवर घेतला, तूप लावलं, वाटी फिरवली. काळं आलं. "बगा," आई पप्पांना म्हणाली.

बाईंनी वाटी पुसली. मग माझ्याकडे वळल्या. "ये इकडं. पँट वर घे."

मला नाही म्हणता आलं असतं तर मी म्हणाले असते. ओसरीवरची माणसं दारातून बघत होती. माझा पाय आजवर कुणी हातात घेतला नव्हता. बाईंच्या मांडीवर तो मला परक्याचा वाटायला लागला. नखांवरचं पॉलिश उडालेलं, टाच फुटलेली. वाटी फिरली आणि तूप काळं झालं. आईच्यापेक्षा जास्त.

"ही पोरगी बिमार हाय का?" बाईंनी आईला विचारलं.

"तिला बी उष्णताच की," आई म्हणाली. "दिसभर त्यो लॅपटॉप मांडीवर घेऊन बसते."

दारातली माणसं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पप्पांना बसवलं, त्यांचा पाय घेतला. पप्पांचा तळवा कोळशासारखा झाला. "आन् ह्यांना?"

"यांना तर लग्नाच्या पयल्यापासून हाय!" आई म्हणाली, आणि आता सगळेच हसले, पप्पासुद्धा. किती दिवसांनी हसले होते. आई तर डोळे पुसत होती.

बाईंनी वाटी पुसली, तूप घेतलं आणि आईच्या हातात दिलं. मग त्या पोत्यावरून उठून समोरच्या स्टुलावर बसल्या आणि साडी घोट्याच्या वर घेऊन त्यांनी स्वतःचा पाय आईच्या मांडीवर ठेवला. ओसरीवरचं हसणं थांबलं. बाईंनी कधी कुणाला पायाला हात लावू दिला नव्हता.

"घास."

"आवं बाई, मी कशी..."

"घास म्हणते ना."

आईने घासायला सुरुवात केली. तिच्या हातात जोर नव्हता, पण रोज दुसऱ्यांना बघून हात बसला होता. गोल गोल, टाचेपासून बोटांकडे. तिच्याच हाताखाली तूप करडं झालं, मग काळं. तिने वाटी उचलून तळव्याकडे बघितलं. पुन्हा घासलं. आणखी काळं आलं. तिने बोटाने ते पुसलं आणि बोट डोळ्यांजवळ नेलं.

"तुमाला बी उष्णता हाय?" तिने विचारलं.

"न्हाई."

"मग हे काळं कशाचं?"

"वाटीचं."

"माझ्या पायातलं बी?"

"व्हय. तुझ्या पायातलं बी."

आईने वाटी खाली ठेवली नाही. ती तशीच धरून, बाईंचा पाय मांडीवर घेऊन बसून राहिली. मग म्हणाली, "मग मला काय झालंय?"

बाईंनी तिच्याकडे सरळ बघितलं. त्या सांगतील असं मला वाटलं. विचारलं तर खोटं बोलणार नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि खोटं त्या बोलल्याही नाहीत. हलकेच पाय काढून घेत म्हणाल्या, "मी तोंडी लावायला हाय, माय. हे जेवण घरच्यानं वाढायचं."

पप्पा उठले. "नांदेडची गाडी चुकंल," असं म्हणत चपला शोधायला लागले. चपला त्यांच्या पुढ्यातच होत्या.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. माझ्या तळव्याला अजून तूप होतं, पाय फरशीला टेकवता येत नव्हता, म्हणून मी भिंतीला धरून अवघडून उभी होते. कुठून सुरू झालं, कुठवर गेलं, कितव्या टप्प्यावर आहे, सगळं मला इंग्रजीत पाठ होतं. मराठीत माझ्याकडे पप्पांनी दिलेला तेवढा एकच शब्द होता, आणि तो आत्ताच आईने बोटाने पुसून बघितला होता. दारातल्या कानटोपीवालीने टोपी काढून हातात घेतली होती.

"आई," मी म्हणाले, "तुला कॅन्सर झालाय. तो पायातून निघत न्हाई."